जंतूंनीच बनवलेलं जंतुनाशक

प्रश्न : बॅक्टेरियांपासून मिळणारी पेप्टाइड्स जंतुसंसर्गावर आणि कॅन्सरवरही चालतात, असं वाचलं. आईची केमो सुरू आहे. तिला प्रोबायोटिकच्या गोळ्या सुरू करू का?

उत्तर : आधी गोळ्यांचं. स्वतःच्या मनाने मुळीच नको. केमोत पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा या गोळ्यांतले, एरवी निरुपद्रवी असलेले जिवंत जंतूही क्वचित रक्तात शिरून त्रास देतात. तिच्या डॉक्टरांना विचारा.

आता पेप्टाइड्स. शेजारच्या जंतूंना हुसकावायला बॅक्टेरिया ही छोटी प्रथिनं बनवतात. माझं आवडतं निसिन. अवघ्या 34 अमिनो आम्लांची साखळी, पण शत्रूच्या पेशीची भिंत बांधायला लागणारा लिपिड-2 नावाचा रेणूच पकडते आणि पेशीच्या पटलाला भोकं पाडते. प्रोसेस्ड चीजच्या वेष्टनावर ई-234 हा परिरक्षकाचा (पदार्थ टिकवणाऱ्या घटकाचा) क्रमांक दिसला, तर ते हेच! औषध म्हणून मात्र अडचण आहे : तोंडावाटे घेतलं की पचनरस त्याचे तुकडे करतात. डॅप्टोमायसिन हे बॅक्टेरियापासूनच मिळालेलं लिपोपेप्टाइड (चरबीची शेपटी जोडलेलं पेप्टाइड) 2003पासून जंतुसंसर्गावरचं औषध म्हणून वापरात आहे, पण तेही शिरेतूनच द्यावं लागतं.

कॅन्सरचं म्हणाल तर कल्पना पटण्यासारखी आहे. कॅन्सर-पेशींच्या बाहेरच्या बाजूला ऋणभार जास्त असतो, त्यामुळे निसिनसारखी धनभारित पेप्टाइड्स तिकडे ओढली जातात. निसिनने उंदरांमधल्या गाठींची वाढ मंदावल्याचंही दिसलंय. पण उंदीर म्हणजे तुमची आई नव्हे. बातम्या लिहिणारे हे वाक्य नेमकं गाळतात, याचा मला राग येतो. केमोचं वेळापत्रक चुकवू नका.