कॉर्ड लावताना आधी बोटं कमी हलव

अरे सुरुवातीलाच दहा अ‍ॅप्स डाउनलोड करत बसू नकोस, आयपॅड आहे ना मग गॅरेजबँड हे गाणी रेकॉर्ड करायचं अ‍ॅप फुकट आहे तेच उघड. त्यातल्या स्मार्ट पियानोत सी मेजर स्केलच्या कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) तयार पट्ट्या दिसतात, त्यातून सी, ए मायनर, एफ, जी असं एकेका बारला (चार मात्रांच्या आवर्तनाला) एकेक रेकॉर्ड कर. सेक्शन, म्हणजे गाण्याचा एक भाग, सुरुवातीला ८ बारचाच असतो त्यामुळे चारही कॉर्ड बरोब्बर दोनदा बसतात.

पण मग कॉर्ड बदलताना धक्के बसल्यासारखं वाटेल, तेव्हा रीजनवर (रेकॉर्ड झालेल्या तुकड्यावर) दोनदा टॅप करून एडिटमधे जा आणि सूर हाताने सरकव. पेटी येत असेल तर लगेच कळेल बघ, सी धरला सा, म्हणजे सी मेजर झाला सा-ग-प, आता ए मायनरला सा आणि ग तिथेच ठेवायचे, फक्त प चा ध करायचा, मग एफला ग चा म, बास. जीला मात्र तिन्ही सूर खाली येतात, नि-रे-प, आणि तिथे जो ताण येतो ना तो मला फार आवडतो, परत सा वर आलं की कसलं मोकळं वाटतं!

क्वांटाइझ (सूर आपोआप तालात बसवणं) लावलंस तरी व्हेलॉसिटी, म्हणजे सुराचा जोर, सगळीकडे सारखी ठेवू नकोस, पहिल्या मात्रेला थोडी जास्त दे. ड्रम्स नंतर.