माक्याचं तेल नेमानं लावलं तर टक्कल पडायचं थांबतं का?

तुम्ही लिहिलंय की वय २३, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकतायत, वडिलांना टक्कल आहे, गोळ्यांची भीती वाटते. तर माक्याचं तेल, कांद्याचा रस असलं काही नेमानं केलं तर थांबेल का?

नाही थांबणार.

उत्तर एवढंच आहे. पण 'नेमानं' या शब्दाशी माझं जुनं वैर आहे, म्हणून पुढचं लिहितोय.

२०१३ साली गणपतीच्या सुमाराला माझ्या ताईला डेंग्यू झाला. आठवडाभर दवाखान्यात होती, बरी होऊन कामालाही लागली, आणि दिवाळी आली तशी केस जायला लागले. न्हाणीच्या जाळीवर रोज मूठभर गुंतवळ. त्यात तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झालेली, त्यामुळे आई रडकुंडीला आलेली. आमची आत्ती आजऱ्याकडं असते. तिच्या माक्याच्या तेलाला आसपासच्या चार गावांतून बोलावणं. संक्रांतीला तिनं बाटली धाडली, मार्चपर्यंत गळती थांबली, आणि मे महिन्यात ताईच्या भांगाला लागून दोन बोटं उंचीचे नवे केस उभे राहिले. पुढं लग्नात आत्तीला मानाची साडी मिळाली आणि स्टेजवर फोटोसाठी तिला नवरीच्या शेजारी उभी केली.

त्याच बाटलीतलं तेल मी २०१४च्या पाडव्याला लावायला घेतलं. वय २४, पुण्यात नोकरी, तिघांत एक खोली, कपाळ तुमच्यासारखंच. आत्तीचा नियम असा: एक दिवसाआड रात्री, बोटांच्या टोकांनी, मुळाशी, वाटीभर कोमट पाण्यात ठेवून गरम केलेलं. आजऱ्याहून येणाऱ्या एसटीतून दर दोन महिन्यांनी बाटली यायची, तोंडाला प्लास्टिक आणि वर रबर. चार उशांचे अभ्रे गेले. माझा रूममेट माझ्याकडं पाठ करून झोपायचा. मी तेल लावल्याच्या दिवशी कॅलेंडरवर टिंब द्यायचो, ती कॅलेंडरं माझ्याकडं अजून आहेत. दीड वर्षात ११ वेळा चुकलं, त्यातले ४ दिवस मी तापानं आडवा होतो.

मधे दसऱ्याला गावी गेलो तेव्हा तेल होताना बघितलं. ते सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. भाताच्या बांधावरचा माका, पांढऱ्या बारक्या फुलाचा, मुळासकट उपटून आणलेला. पाट्यावर वाटताना आत्तीची बोटं काळी झाली. माक्याचा रस हिरवा निघतो आणि बघता बघता काळा पडतो. एका तांब्या खोबरेल तेलाला चार तांबे रस, वर वाटलेला माका, जास्वंदीची फुलं, मूठभर कढीपत्ता. चुलीवर मंद आच, सकाळपासून दुपार टळेपर्यंत. मग तिनं पळीनं तळाचा चोथा काढला, चिमटीत वळून वात केली आणि विस्तवावर धरली. तडतडली. "पाणी हाय अजून." अर्ध्या तासानं परत धरली, गुपचूप जळली. तेवढ्यात तेलावर फेस चढला आणि तिनं पातेलं खाली घेतलं. कुणी लिहून दिलेलं नाही, तिच्या सासूनं दाखवलेलं.

२०१५च्या दिवाळीला घरी गेलो. ओवाळताना आत्तीनं माझ्या डोक्याकडं बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "नेमानं लावलं न्हाईस तू." झालं. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात, तेराव्यालासुद्धा हेच. ताईचं उदाहरण शेजारीच बसलेलं असतं, लांब वेणी घालून.

मी टिंबांची कॅलेंडरं दाखवली होती. आई म्हणाली, "टिंबं काय, कशीपण देता येतात."

त्यानंतर पुण्यात एका वैद्यांकडं गेलो. मला वाटलं होतं तेही एखादं तेल देतील. त्यांनी आधी वडिलांचं विचारलं, मग आईच्या भावांचं, मग टाळूवरचे केस वेगळे करून उजेडात बघितले. आत्तीच्या तेलाची कृती सांगितली तर खूश झाले. म्हणाले, एक भाग कल्क, म्हणजे वाटलेला पाला, चार भाग तेल, सोळा भाग रस हेच ग्रंथातलं माप. चोथ्याची वात वळणं, ती न तडतडणं आणि तेलावर फेस येणं ह्याच तेल सिद्ध झाल्याच्या खुणा. "तुझ्या आत्याबाईंचं तेल बाजारातल्या बहुतेक तेलांपेक्षा चांगलं असणार. पण तुझ्या कामाचं नाही."

कारणही त्यांनी सुश्रुतातूनच, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातूनच सांगितलं. पित्त वाताबरोबर रोमकूपात, म्हणजे केस उगवतो त्या छिद्रात, शिरून केस पाडतं, पण नंतर रक्त आणि कफ तो रोमकूप बंद करतात, म्हणून तिथं पुन्हा केस येत नाही. म्हणजे दार बंद होतं हे ज्यांच्या नावानं तेल खपतं त्यांनीच लिहून ठेवलंय. नस्याला, म्हणजे नाकात घालायला, अणुतेल आणि पोटासाठी एक चूर्ण दिलं, कोंडा आहे तोवर रात्रभर तेल ठेवायचं नाही म्हणून बजावलं आणि म्हणाले, त्वचेच्या डॉक्टरला दाखव, दीड वर्ष घालवलंस.

मग डॉक्टरबाईंकडं कळलं ते असं. ताईचं आणि माझं दुखणं मुळात एक नव्हतंच. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन असं काही झालं की बरेचसे केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. मूळ शाबूत असतं, त्यामुळे बहुतेक वेळा सहा महिन्यांत गळती आपोआप थांबते. दिवाळी ते मार्च मोजा. आत्तीच्या जागी मी देवळातलं तीर्थ दिलं असतं तरी ताईचे केस आले असते! माझं वेगळं: पुरुषी संप्रेरकाचं डीएचटी नावाचं रूप कपाळाच्या आणि टाळूच्या मुळांना आखडवत नेतं, दर खेपेला केस आधीपेक्षा बारीक उगवतो, शेवटी लव उरते. मागच्या केसांना ते बाधत नाही, म्हणून टकल्यालाही मागं झालर असते. आत्तीचे यजमान चाळिशीच्या आत टकले झाले. हेच तेल लावून, घरचंच, फुकट, रोज. हे आमच्या घरात आजवर कुणी मोठ्यानं म्हटलेलं नाही, म्हणून इथं म्हणून घेतो.

आता तुमचं. कांद्याचा रस: २००२ साली इराकमधल्या डॉक्टरांनी तो मोजक्या रुग्णांवर वापरून बघितला आणि फायदाही दिसला, पण तो चाईवर. चाई म्हणजे रुपयाएवढा गोल चट्टा, जी पुष्कळदा आपली आपणही भरते. तुमच्या कपाळाशी तिचा संबंध नाही. मी दोन महिने लावला, हेल्मेट टाकून द्यावं लागलं. गुंज उगाळून लावायला कुणी सांगितलं तर त्या माणसाकडं परत जाऊ नका, गुंजेचं बी विषारी असतं.

५ टक्के मिनॉक्सिडिल, म्हणजे केसांसाठी डोक्याला लावायचं औषध, मी लावतो. सुरुवातीचे काही आठवडे केस जास्त गळतात, कारण सुटत आलेले केस नव्यांना जागा करून देतात. मला हे सांगितलेलं होतं, तरी घाबरून पाचव्या आठवड्यात बंद केलं आणि आत्तीला आयतंच कोलीत मिळालं. वर्षभरानं पुन्हा सुरू केलं. टाळू टिकली, कपाळ गेलं ते गेलंच. औषध थांबवलं तर टाळूही जाईल, म्हणजे नेम इथंही सुटत नाहीच. घरात मांजर असेल तर सांभाळा, तिला ते विष आहे.

हे मी डॉक्टर म्हणून लिहीत नाही, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. डीएचटी कमी करणारी फिनास्टराइडची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. थोड्या पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात, तुमची भीती अगदीच खोटी नाही. बायकांचं गणित निराळं, त्यांनी आधी लोह आणि थायरॉइड तपासावं. रोज ५०-१०० केस सगळ्यांचेच जातात, आणि टोकाला दिसणारा पांढरा ठिपका म्हणजे मूळ उपटून आलं असं नव्हे. तेलानं डोकं शांत होतं, झोप लागते, आहेत ते केस कमी तुटतात. मीही शनिवारी लावतो, आत्तीचंच.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता. तिचा नातू २२चा आहे, त्याचं कपाळ मोठं व्हायला लागलंय. "तुझी ती डाक्टरीण बसती कुठं रं?" मी नंबर दिला. तो तिनं दोनदा वाचून घेतला आणि ठेवता ठेवता म्हणाली, "तेल देतीया मी. पर पोरगं नेमानं लावत न्हाई."