सातारा जिल्ह्यात जुन्या मंदिरांचे अवशेषही बघता येतील आणि ट्रेकही होईल असं डोंगरातलं गाव कोणतं?

महाबळेश्वर-पाचगणी नको, दोन दिवस हातात आहेत, सोबत साठी ओलांडलेले वडील आहेत आणि पडझड झालेली का असेना पण खरोखर जुनी देवळं बघायची आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मी साताऱ्याचाच. माझं उत्तर एकच आहे, परळी.

बीडची परळी वैजनाथ नव्हे. ही सज्जनगडाच्या पायथ्याची, उरमोडीच्या खोऱ्यातली परळी, साताऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर. गडावर येणारे बहुतेक जण गजवडीकडून गाडीरस्त्याने वर जातात, समाधीचं दर्शन घेतात आणि तसेच ठोसेघरचा धबधबा बघायला निघतात. खाली परळीत यादवकाळातली महादेवाची दोन देवळं आहेत, हे वर्षानुवर्षं गडाची वारी करणाऱ्या कितीतरी जणांना ठाऊक नसतं. मला याची फार हळहळ वाटते, कारण गडाची खरी ओळख या गावापासूनच सुरू होते. शिवाजी महाराजांनी एप्रिल १६७३ मध्ये आदिलशहाकडून घेतला तो परळीचा किल्ला. समर्थ रामदास १६७६ मध्ये वर राहायला आले आणि त्यानंतर त्याचा सज्जनगड झाला.

तेव्हा गाडी वर नेऊ नका. सकाळी लवकर परळीत उतरा आणि आधी देवळांकडे चला. ‘महादेवाची जुनी देवळं’ म्हणून गावात कुणालाही विचारा, वाट दाखवतील.

दोन्ही देवळं शेजारी शेजारी आहेत. एक बऱ्यापैकी उभं आहे आणि तिथे पूजाअर्चा चालते. दुसऱ्याची बरीच पडझड झाली आहे. बांधणी आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो ती, म्हणजे चुना न वापरता घडीव दगड एकमेकांत बसवून, त्यांच्याच वजनावर तोललेली. अशा बांधणीत एखादा दगड निखळला किंवा भेगेत वडा-पिंपळाचं मूळ शिरलं, की शेजारचे दगडही सुटायला लागतात. हे लक्षात ठेवून पडलेल्या देवळाकडे बघा. शाबूत देवळात नुसतं बघून जे कळत नाही, म्हणजे खांब कशावर उभा आहे, तुळई कुठे टेकते, छताच्या शिळा कशा रचल्या आहेत, ते इथे उघड दिसतं. म्हणून मी आलेल्या पाहुण्यांना आधी पडकं देऊळ दाखवतो आणि मग उभ्या देवळाच्या मंडपात नेतो. तिथे खांबांवरच्या नक्षीवर थोडा वेळ घालवा. ऊन तिरपं असताना ती फार सुंदर उठून दिसते, डोक्यावर ऊन आलं की सपाट वाटायला लागते.

आवारातल्या वीरगळांपाशी, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळांपाशी, मात्र नक्की थांबा. वडिलांना यात रस वाटेल असं मला वाटतं. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यांत खालच्या चौकटीत वीर पडलेला असतो, काही ठिकाणी शेजारी गुरं कोरलेली असतात. गाव लुटायला आलेल्यांच्या हातून गोधन सोडवताना तो मेला, असा त्याचा अर्थ. त्याच्या वरच्या चौकटीत लढाई, त्याच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांत वर तोच वीर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. बहुतेक वीरगळांवर नावगाव काही नसतं. पण कुणीतरी या मातीसाठी मेला आणि मागच्यांनी ऐपतीप्रमाणे पाथरवट लावून त्याचा दगड उभा केला, एवढं त्यावरून नक्की कळतं. कुठे कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दिसला तर ती सतीशिळा समजा.

एक कळकळीची विनंती. फोटोत नक्षी उठून दिसावी म्हणून दगडावर खडू किंवा पीठ फासू नका, पाणीही मारू नका. मूर्तींवर ऑइलपेंट आणि शेंदराचे थर चढून चेहरे बुजलेले आपल्याकडे गावोगाव दिसतात, त्यात आपण भर घालायला नको. पडलेला दगड हलवू नका आणि त्यावर चढून बसूही नका.

मग गड. परळीतून पायऱ्यांची वाट वर जाते, साधारण साडेसातशे पायऱ्या आहेत. दमाने चढलात तर तास-सव्वा तास पुरे. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना गाडीने वर पाठवा. गाडीतळापासूनही थोड्या पायऱ्या आहेतच, पण त्या झेपतील. चढताना दुसऱ्या दरवाजापाशी आदिलशाही काळातला फारसी शिलालेख आहे, तो चुकवू नका. वर समाधी आणि राममंदिर, अंगलाईचं देऊळ, घोडाळे तळं, आणि पश्चिमेच्या टोकाला धाब्याचा मारुती. त्या टोकावरून उरमोडी धरणाचं पाणी आणि पलीकडची कासच्या पठाराची सोंड दिसते. एप्रिल १७०० मध्ये साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला घेतल्यावर औरंगजेबाच्या फौजेने याच गडाला वेढा घातला. जूनमध्ये गड त्यांच्या हाती गेला आणि त्याचं नाव नौरसतारा ठेवलं गेलं, पण तोवर पाऊस सुरू झाला होता आणि परतीच्या वाटेवर त्या फौजेचे अतोनात हाल झाले. इथला पाऊस एकदा अंगावर घेतला की ते का झालं हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून तुम्हीही जून ते सप्टेंबर पायऱ्यांची वाट टाळा, शेवाळाने दगड फार निसरडे होतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. दुपारी गडावर महाप्रसाद असतो आणि मुक्कामासाठी भक्तनिवास आहे.

दुसऱ्या दिवशी पाटेश्वर करा. साताऱ्याच्या आग्नेयेला देगाव आहे, तिथून डोंगरात चढायचं. ही चढण सज्जनगडापेक्षा सोपी आहे. वर झाडीत पुष्करिणी, मठ, मंदिर आणि थोड्या अंतरावर कोरलेल्या लेण्या. शिवलिंगांचे इतके प्रकार एका जागी मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. लहान, मोठी, एकाच शिळेवर ओळीने असंख्य कोरलेली, अशी सगळीकडे लिंगंच लिंगं. माणूस आणि बैल एकत्र असलेली अग्निवृषाची मूर्ती इथेच आहे. लेण्यांत अंधार असतो, तेव्हा बॅटरी न्या. आत पाणी आणि वटवाघळं असू शकतात.

वासोटा किल्ल्याबद्दलही तुम्ही विचारलंय. बामणोलीतून बोट, वनखात्याची परवानगी, मग कोयनेच्या जंगलातली खडी चढण, असा तो अख्खा दिवस जातो आणि पावसाळ्यात तो बंदच असतो. जंगल अप्रतिम आहे, पण वडिलांना घेऊन नको. तो तुम्ही मित्रांबरोबर वेगळा करा.

परळीला आणि सज्जनगडाला सातारा स्टँडवरून एसटी मिळते. उतरल्यावर परतीच्या गाडीची वेळ आधी विचारून ठेवा आणि पाणी साताऱ्यातूनच भरून घ्या.