शेजारच्या नगरपंचायतींशी करार करण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार,

शेजारच्या दोन नगरपंचायतींबरोबर मैला उपसण्याची गाडी, एक अभियंता आणि एक लेखापाल सामाईक ठेवण्याचा प्रस्ताव तुम्ही सभेपुढे आणणार असल्याचे कळले आणि मनापासून आनंद झाला. लहान गावाला जी गाडी आठवड्यातून दोनच दिवस लागते, तिच्यासाठी चालक आणि मदतनीस वर्षभर पोसणे हा घरपट्टी भरणाऱ्यांवर अन्याय आहे, असे मी नोकरीत असताना सतत मांडत आलो.

मात्र भागीदारी आणि अतिरिक्त कार्यभार यांची गल्लत होऊ देऊ नका. एकाच मुख्याधिकाऱ्याकडे दोन गावे सोपवली की एका पगाराची बचत दिसते. पण बांधकाम परवानगीसाठी आलेला माणूस ‘साहेब आज तिकडे आहेत’ हे ऐकून परत जातो आणि त्याचा बुडालेला रोज कोणत्याच हिशेबात येत नाही. अभियंता कोणत्या वारी कुठे बसेल, त्याच्या पगारात कोणाचा वाटा किती आणि त्याचा गोपनीय अहवाल कोण लिहील, हे आधी लेखी ठरले, तरच ती भागीदारी म्हणावी.

अशा भागीदारीची दोन उदाहरणे आपल्याकडेच आहेत. ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या महापालिका व ठाणे जिल्हा परिषद ‘स्टेम’ या सामाईक पाणीपुरवठा कंपनीमार्फत उल्हास नदीचे पाणी सामाईकपणे घेतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या बससेवा २००७ मध्ये एकत्र येऊन पुणे महानगर परिवहन महामंडळ (पीएमपीएमएल) ही एकच कंपनी झाली. तिची तूट दोन महापालिका ६० आणि ४० टक्के अशी सोसतात. मला यातले तुटीचे प्रमाण सर्वांत मोलाचे वाटते, कारण बचतीच्या वाट्यावर सहसा कोणी भांडत नाही.

माझ्या सेवेत अशीच एक सामाईक गाडी ऐन पावसाळ्यात बंद पडली होती. खरेदीचा हिस्सा दोन्ही ठरावांत होता, दुरुस्तीचा उल्लेख मात्र एकाही ठरावात नव्हता, आणि दोन्ही कार्यालयांत टिपण्या फिरत राहिल्या तोवर वस्तीतल्या टाक्या रस्त्यावर वाहत होत्या. त्या बायाबापड्यांचे चेहरे मी विसरलेलो नाही. म्हणून लॉगबुक, डिझेल, दुरुस्ती, विमा आणि तातडीच्या वेळी पहिला हक्क कोणाचा, यांवर ठरावात स्वतंत्र कलमे घाला.

मसुदा तयार झाला की मला पाठवा. एखाद्या गावाला बाहेर पडायचे असेल तर त्याने किती महिन्यांची सूचना द्यावी, हे कलम मी आधी वाचेन.

आपला शुभचिंतक