‘सांगितलं तर घर सोडायला लावतील का?’

मी समुपदेशक आहे. परदेशातून ऑनलाइन भेटणाऱ्या तरुण मंडळींच्या तोंडून एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की त्याची सुरुवात झाली की पुढचं मला पाठ असतं. "ताई, तसं काही मोठं नाही, घराचं जरा..." कुणाचं हीटिंग नोव्हेंबरपासून बंद असतं, कुणाच्या बाथरूमच्या छतातून थेंब पडत असतात. मी विचारते, "घरमालकाला सांगितलंस?" आणि पलीकडे शांतता पसरते.

त्यातलीच ही एक हकिगत. परवानगी घेऊन आणि ओळखीच्या खुणा पुसून लिहितेय.

ती स्टुटगार्टला राहते. नवरा-बायको दोघं इंजिनिअर, तीन वर्षांचा मुलगा. आली होती झोप लागत नाही म्हणून. दुसऱ्या भेटीत कळलं, की दर रविवारी रात्री मुलगा झोपला की ती हातमोजे घालून बेडरूमच्या कोपऱ्यातली काळी बुरशी पुसत बसते. दोन-दोन तास. ओल कुणाला दिसू नये म्हणून कपाट तिथे सरकवलं होतं. मालक मीटर बघायला आले, तेव्हा "बाळ झोपलंय" असं सांगून तिने ते दार उघडलंच नाही. बाळ तेव्हा पाळणाघरात होतं.

"सांगितलं तर काय होईल?" मी विचारलं.

"ते म्हणतील, तुम्ही दिवसभर शिजवता, कपडे घरात वाळवता, म्हणून झालं."

"बरं, म्हणाले. मग?"

"डिपॉझिट कापतील."

"कापलं. मग?"

"घर सोडायला लावतील. मग पत्ता राहणार नाही, पत्ता नाही तर व्हिसा..." इथे तिला धाप लागली.

'मग?' हा माझा फार आवडता प्रश्न आहे. भीती पायरी पायरीने खाली उतरते, तेव्हा कोणती पायरी खरी आणि कोणती आपण बांधलेली, ते दिसायला लागतं. प्रत्येक पायरीची खातरजमा कर, एवढंच काम मी तिला दिलं. जर्मनीत बहुतेक शहरांत भाडेकरूंची संघटना असते, तिला 'मीटरफेराइन' म्हणतात. वर्गणी भरून सभासद झालं की कायद्याचा सल्ला मिळतो. तिथून ती बरंच काही घेऊन आली. तिचा करार बेमुदत होता. असा करार मोडायला मालकाला कायद्यात बसणारं कारण लागतं, आणि बिघाड कळवणं हे तसं कारण नाही. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्यातून कापायचं तर कारण दाखवावं लागतं. पत्त्याची नोंदणी करताना मालकाच्या सहीचा कागद लागला होता खरा, पण नोंदणी झाल्यावर ती दोरी त्यांच्या हातात उरत नाही.

आपली मुलं जातात जर्मनीला, पण डोक्यात करार आपल्याकडचा ११ महिन्यांचाच असतो. मालकाची मर्जी फिरली की टेम्पो बोलवायचा, हे लहानपणापासून पाहिलेलं असतं.

"सगळं कळलं, ताई. पण हात मेलवर जात नाही."

बरेच हितचिंतक इथेच थकतात. माहिती दिली, आता हिने करायला हवं, असं त्यांना वाटतं. माझं समुपदेशन विचारांवर काम करणारं आहे. माणसाची झोप उडते ती स्वतःशी चाललेल्या बोलण्याने, घडलेल्या गोष्टीचा वाटा त्यात कमीच असतो, हे मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलंय. ती स्वतःशी म्हणत होती, 'चांगला भाडेकरू म्हणजे जो आहे हे मालकाला जाणवतही नाही.' त्यांच्या इमारतीत जिना झाडायची आठवड्याची पाळी असते, तर ही शेजाऱ्यांच्या पाळीतही झाडून टाकायची. त्या वाक्याला मी तीन भेटी सगळ्या बाजूंनी हात लावून पाहिला. ते हललं नाही.

पाचव्या भेटीला ती दहा मिनिटं उशिरा आली. चेहरा लाल. पुण्याला वाकडमध्ये यांचा फ्लॅट आहे, भाड्याने दिलेला, बघायला तिचे बाबा. बाथरूममधून सहा महिने पाणी झिरपत होतं. खालच्या काकांच्या छताचं प्लास्टर पडलं, तेव्हा सोसायटीने बाबांना फोन केला. आता नव्याने वॉटरप्रूफिंग, शिवाय खालच्यांचं छतही यांनीच करून द्यायचं. "सहा महिने, ताई! त्यांना रोज दिसत होतं. एक मेसेज करायला काय झालं होतं? मी काय खाल्लं असतं त्यांना?"

मी तिला पूर्ण रागवू दिलं. मग विचारलं, "का नसेल सांगितलं त्यांनी?"

"घाबरले असतील. वाटलं असेल, आम्ही घर रिकामं करायला..."

वाक्य तिथेच थांबलं. स्क्रीनवर ती कुठेतरी बाजूला बघत होती, बहुधा त्या कपाटाकडे. मी काही बोलले नाही. अशा वेळी बोलायचा मोह फार होतो. अर्थ आपण सांगावा, श्रेयही थोडं घ्यावं, असं वाटतं. तो मोह आवरणं शिकायला मला कितीतरी वर्षं लागली. मिनिटभराने ती म्हणाली, "म्हणजे मी त्यांच्या घराचं नुकसान करतेय. गप्प बसून."

माझ्या तीन भेटींच्या युक्तिवादाने जे झालं नाही, ते तिच्याच रागाने केलं. ती भाडेकरू म्हणून जे कधीच मान्य करत नव्हती, ते मालकीण म्हणून तिला आधीपासून ठाऊक होतं. तेव्हापासून अशा प्रत्येकाला मी एकदा खुर्ची बदलायला लावते.

मग एका शब्दाने मदत केली. ती त्या पत्राला 'तक्रार' म्हणत होती. तिथला शब्द आहे 'मेंगेल-आन्त्साइगे', म्हणजे दोष कळवणं. तक्रार माणसाविरुद्ध असते, हे पत्र भिंतीबद्दल होतं. जर्मन नागरी संहितेचं कलम ५३६-सी तर सांगतं, की बिघाड दिसल्यावर विनाविलंब कळवणं भाडेकरूचं कर्तव्य आहे. न कळवल्याने नुकसान वाढलं, तर ते त्याच्याकडून मागता येतं.

पहिल्या मसुद्यात तीन वेळा 'क्षमस्व' होतं. ते आम्ही काढलं. उरलं ते एवढंच: कोणत्या खोलीत, केवढा भाग, कधीपासून, सोबत तारखेसह फोटो, आणि अमुक तारखेपर्यंत येऊन पाहावं ही विनंती. मेल केलं, आणि पोचल्याचा पुरावा हवा म्हणून रजिस्टर पत्रही.

उत्तर आलं, ते अगदी तिच्या भीतीबरहुकूम: तुम्ही खिडक्या नीट उघडत नाही. ती रात्रभर अस्वस्थ होती. पण सकाळी मला लिहिलं, "वाईट वाटलं. पण सहन झालं." या सात अक्षरी 'पण सहन झालं'साठी मी हा व्यवसाय करते.

तिने आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं. रोज दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवली, कपाट भिंतीपासून दूर केलं, कपडे तळघरात वाळवले, आणि आकडे लिहून ठेवले. आर्द्रता साठ टक्क्यांखाली आली, तरी तो कोपरा ओलाच. मग मालकांनी माणूस पाठवला. बाहेरचा पन्हळीचा पाइप फुटलेला निघाला. घरात कपडे वाळवल्यानेही भर पडली होती, तेही तिने सरळ मान्य केलं. आपला वाटा कबूल केला की बाकीचं बोलणं हलकं होतं.

'एवढीशी गोष्ट' म्हणणाऱ्यांसाठी एक सांगते. तिला हे मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. इंग्लंडमध्ये रॉचडेलला २०२० साली अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे दगावला. आईवडील सुदानहून आलेले. त्यांनी कळवलं होतं, तरी दोष त्यांच्या राहणीला दिला गेला. आता तिथे त्याच्या नावाने कायदा आहे. घरात लहान मूल असेल तर थांबू नका. पहिल्या उत्तराने गप्पही बसू नका.

आणि चिडून भाडं परस्पर थांबवू नका. जर्मनीत बिघाडासाठी भाडं कमी होऊ शकतं, पण किती, ते जाणकाराला विचारूनच ठरवा. जास्त कापलं गेलं तर थकबाकी होते, आणि तिच्यावरून मात्र घर खरंच जाऊ शकतं. इतर देशांचे नियम वेगळे आहेत. तिथली भाडेकरू संघटना आधी शोधा.

शेवटच्या भेटीत ती म्हणाली, वाकडच्या भाडेकरूंना तिने स्वतः फोन केला होता. रागवली नाही. "काही बिघडलं तर लगेच कळवा, त्यासाठी कुणी घर सोडायला सांगणार नाही," एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून तीन फोटो आले: सिंकखालचा पाइप, गॅलरीच्या दाराची कडी, आणि मुलांच्या खोलीतली खिडकीखालची ओल.