सरहुलपासून सुरुवात करा

उरांव या आदिवासी समाजाच्या धर्माचा अभ्यास नव्याने सुरू करत असाल, तर आधी त्यांचे स्वतःचे नाव, कुडुख, वापरायची सवय लावून घ्या. त्यांची भाषा द्राविडी कुळातली आहे, हेही ध्यानात असू द्या. देवदेवतांच्या याद्या करत बसण्यापेक्षा झारखंडच्या छोटानागपूर पठारावरल्या एखाद्या गावी सरहुलला, म्हणजे सालवृक्ष फुलतो तेव्हाच्या सणाला, जा. सरनेत, त्या राखलेल्या सालवनात, पाहान, म्हणजे गावचा पुजारी, पाण्याने भरलेले घडे ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी त्यांतल्या पाण्याच्या पातळीवरून पावसाचे भाकीत सांगतो. ते शांतपणे पाहा. धर्मेस हा सर्वोच्च देव, पण त्याची मूर्ती शोधू नका. आणि १९१४ मध्ये जतरा भगतांनी उरांवांमध्ये सुरू केलेली टाना भगत ही धर्मसुधारणेची चळवळ मात्र अवश्य अभ्यासा.