बाळ घरी आल्यावर आलेले रडू

प्रश्न : माझ्या मुलाचा जन्म एकतिसाव्या आठवड्यात झाला. अचानक पाणी गेले आणि दोन दिवसांत प्रसूती झाली. जन्मतः त्याचे वजन १४०० ग्रॅम होते. सहा आठवडे तो एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होता आणि आता घरी येऊन पाच आठवडे झाले आहेत. रुग्णालयात असताना मी एकदाही रडले नाही, पण आता तो सुखरूप असताना मला सतत रडू येते. रात्री त्याच्या छातीवर हात ठेवून मी जागी असते. फोन वाजला तरी तिथल्या मॉनिटरचा आवाज आठवून हातपाय गार पडतात. तो माझ्याकडे पाहून हसत नाही आणि खरे सांगायचे तर मलाही तो माझा वाटत नाही. ठरलेले डोहाळजेवण राहून गेले. मी स्कूटर चालवत राहिले म्हणून असे झाले, असे नातेवाईक म्हणतात. आई म्हणून मी कमी पडते आहे का?
– एक वाचक, हडपसर, पुणे

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते : नाही, तुम्ही कुठेही कमी पडलेल्या नाही. संकट समोर उभे असताना मनाला रडायला सवड नसते. बाळ घरी आले, लक्ष ठेवणाऱ्या परिचारिका आणि यंत्रे मागे राहिली, त्याच्या प्रत्येक श्वासाची जबाबदारी एकट्या तुमच्यावर येऊन पडली, आणि तेव्हा कुठे सहा आठवडे साचलेली भीती वर आली. कमी दिवसांच्या बाळांच्या अनेक आयांना रुग्णालयातल्या दिवसांपेक्षा हा नंतरचा काळच जड जातो. आवाजाने दचकणे, झोपलेल्या बाळाचा श्वास पुन्हा पुन्हा पाहणे ही मनाला बसलेल्या धक्क्याची लक्षणे आहेत आणि त्यांवर उपचार आहेत.

हसण्याबाबत एक हिशेब सांगते. तुमचा मुलगा आज अकरा आठवड्यांचा आहे, पण तो नऊ आठवडे आधी आला. वाढीचे टप्पे पाहताना हे नऊ आठवडे वजा करायचे असतात आणि साधारण दोन वर्षांचा होईपर्यंत असेच मोजायचे असते (लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या). या हिशेबाने तो जेमतेम दोन आठवड्यांचा आहे, आणि आईकडे पाहून हसू लागण्याचे वय सहा ते आठ आठवड्यांचे असते. त्याची हसण्याची वेळच अजून आलेली नाही. घरी सोडताना एवढे तरी प्रत्येक आईला समजावून सांगायला हवे, असे मला फार वाटते.

ज्या बाळाला पहिले कित्येक दिवस काचेच्या पेटीत लांबूनच पाहावे लागले, त्याच्याविषयी माया उशिरा दाटून आली तर त्यात दोष कोणाचाच नाही. दिवसातून एखादा तास तरी त्याला उघड्या छातीशी धरून बसा आणि त्या वेळी घरातले दुसरे कोणतेही काम अंगावर घेऊ नका.

स्कूटरचे म्हणणे मनातून काढून टाका. वेळेआधी पाणी जाण्यामागे पुष्कळदा संसर्ग असतो आणि अनेकदा तर निश्चित कारण सापडतच नाही. पूर्ण वेळ अंथरुणावर पडून राहिल्याने अकाली प्रसूती टळते, हेसुद्धा सिद्ध झालेले नाही. ‘सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही’ हे तुमच्या कानावर आले असेल, तर तेही निराधार आहे; पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

आता तुमच्या प्रकृतीविषयी. प्रसूतीनंतरचे हळवेपण बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. तुम्हाला त्याहून कितीतरी अधिक काळ झाला आहे, तेव्हा आणखी वाट पाहू नका. बाळाच्या पुढच्या तपासणीला जाल, तेव्हा डॉक्टरांना स्वतःविषयीही सांगा. १९८७ पासून वापरात असलेल्या एडिंबरा प्रश्नावलीत गेल्या सात दिवसांतील मनःस्थितीविषयी दहा साधे प्रश्न असतात. ती भरून घेतली की नैराश्याची शंका आहे का, ते कळते. मग समुपदेशन पुरेल की औषधही लागेल, हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. स्तनपान चालू असताना घेता येतील अशी औषधे आहेत, त्यामुळे दूध तोडावे लागेल या भीतीने जाणे टाळू नका. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते, मराठीतही. स्वतःचे किंवा बाळाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात आला, भास होऊ लागले किंवा झोप पूर्णच उडाली, तर घरच्यांनी त्याच दिवशी तुम्हाला रुग्णालयात न्यावे. हे उत्तर तुमच्या पतीलाही वाचायला द्या.

प्रश्न : माझी नात एनआयसीयूत आहे. बाराव्या दिवसापासून सून रोज तिकडे जाते. बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये, असे आमच्याकडे मानतात. तिला कसे थांबवू?
– एक आजी, कोथरूड, पुणे

उत्तर : आजी, तिला थांबवू नका. सव्वा महिन्याच्या रिवाजामागे बाळंतिणीला विश्रांती मिळावी हा चांगला हेतू आहे, पण तिचे मन तिकडे असताना घरी पडून तिला विश्रांती मिळणार नाही. बाळाला छातीशी धरून ठेवणे हा आता उपचाराचाच भाग मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये, कमी दिवसांच्या बाळांना जन्मानंतर लगेच आणि दिवसातून शक्य तितके तास असे धरावे, अशी शिफारस केली आहे. दूध टिकायचे तर तिला चोवीस तासांत आठेक वेळा ते काढावेही लागते, आणि या सगळ्यात ती थकते. तिच्यासाठी रिक्षा ठरवून द्या, सोबत डबा आणि डिंकाचे लाडू द्या, आणि घरी भेटायला येणाऱ्यांना महिनाभर तुम्हीच थोपवा. तिथल्या परिचारिकेलाही विचारून पाहा. आई थोडा वेळ झोपलेली असताना आजीने बाळाला छातीशी धरलेले चालते.